पस्तीस नंबरचं पिंप

याकशीच्या अलीकडे, ताओ मिस्त्रींचं गॅरेज
१६ जानेवारी १९९७

चि. रुईशिया हिस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावरचा पत्ता बघून घाबरू नकोस. आम्ही दोघं हातापायांनी धड आहोत, तुझ्या भावाची भूक शाबूत आहे आणि जीभ तर त्याहून शाबूत आहे. ट्रक मात्र परवापासून उभा आहे. गावातल्या दुकानात फोन करावा असं मनात आलं होतं, पण त्या फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगायचं, म्हणून पत्र.

झालं असं. डोंगर उतरेपर्यंत मोठ्या टाकीवर छान आलो. वाटेत भरलेलं डिझेल संपत आलं तसा बाओशानने खटका फिरवून धाकटी टाकी चालू केली, तू घरून भरून दिलेली. दहा मिनिटं ट्रक चालला, मग खोकला, आणि म्हाताऱ्या बैलासारखा बसला. थंडी एकेचाळीस होती (आकड्याआधीचा शब्द तूच लाव, महिना तसला आहे). पाइपात मेण धरलं होतं. बाओशानने तासभर सेल्फ मारला. शेवटी एका लाकडाच्या ट्रकने ओढून इथे आणलं.

ताओ मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस आहे. त्याने टाकीखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं, पाइपावर स्टोव्हची ज्योत धरली, डिझेल पातळ केलं, त्यात रॉकेल मिसळलं. सगळं सुटलं, पण पंप काही फिरेना. उघडला तर आत जाम. इथून भांडणाला तोंड फुटलं. ताओ म्हणतो, टाकीत शून्य नंबर होतं, कमी थंडीतलं डिझेल, दही झालं होतं त्याचं, आणि तुम्ही कोरडा पंप तासभर फिरवून मारलात. बाओशान म्हणतो, टाकीत कडाक्याच्या थंडीतलं पस्तीस नंबरच होतं, एवढ्या थंडीत पस्तीसलाही थोडं मेण धरतंच, पंप तू ज्योत लावून मारलास. रॉकेल मिसळल्यामुळे आता टाकीत बघून काही कळायचं नाही. काल तर तुझ्या भावाने चार ड्रायव्हरांसमोर छाती ठोकून सांगितलं की माझ्या बहिणीने स्वतःच्या हाताने भरलंय, आणि सूर्य चुकेल पण ती चुकायची नाही. मला हसू आलं. तुझ्यासमोर कधी तुझं असं कौतुक केलंय का त्याने?

इथे रस्त्यावरचे तंटे म्हातारे तोंग मिटवतात. रस्त्याच्या कामावरून निवृत्त झाले आहेत, दोन्ही बाजूंचे लोक त्यांचं ऐकतात. ते म्हणाले, जिने भरलं तिच्या हातचा कागद आणा, नावाच्या शिक्क्यासकट. तेव्हा चार ओळी लिहून लगेच पाठव. नवा पंप हाइलार शहरातून यायचाच आहे, तोवर आम्ही इथेच. सामानाची काळजी नाही, लोखंडी घंगाळांना थंडी वाजत नाही.

मी ताओच्या बायकोबरोबर तापत्या ओट्यावर झोपते. तू दिलेल्या मक्याच्या पोळ्या अजून पुरताहेत. आईंचा गुडघा कसा आहे? त्यांना भांडणाचं सांगू नकोस.

तुझी आठवण काढते आहे, तशी तूही काढावीस,
तुझी वहिनी,
सूमेई



लियांगशान
२१ जानेवारी

ती. सूमेईवहिनीस,
रुईशियाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी आलं आणि मी लगेच लिहायला बसले आहे. सोबत वेगळा कागद आहे, त्यावर लिहून शिक्का मारला आहे की धाकटी टाकी मी स्वतः पस्तीस नंबरने भरली. तोंगआजोबांना माझा नमस्कार सांग.

दादाने माझं कौतुक केल्याचं वाचून मी ती ओळ तीनदा वाचली. मग आईला वाचून दाखवली, भांडणाचा भाग गाळून. ती म्हणाली, थंडीने डोकं बधिर झालं असेल त्याचं. पण वहिनी, खरं सांगू, बरं वाटलं. इथे मला माहेरी परत येऊन सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी दादा म्हणाला होता, नुसतं बसून रडलीस तर घर तुला खाईल, ही घे पिंपांच्या खोलीची किल्ली. तेव्हा राग आला होता. आता ती किल्ली कमरेला नसेल तर मला चालताना तोल गेल्यासारखं वाटतं.

आईचा गुडघा तसाच आहे, तोंडही तसंच आहे. महिना लागल्यापासून तिने मला 'उणे' हा शब्द तोंडातून काढू दिलेला नाही. ट्रकवाल्यांच्या घरात वर्ष संपताना उणं, कमी, तोटा असलं काही बोलायचं नाही म्हणते. मग मी पिंपावर 'उणे पस्तीस' तरी कसं लिहू? दोन्ही पिंपं सारखीच निळी. मी युक्ती केली. 'उणे' आणि 'शुभ' दोन्ही आपल्याकडे 'फू'च, म्हणून उणेच्या जागी नवीन वर्षाला दारावर लावतात तो शुभाचा लाल कागद पस्तीसच्या पिंपावर उलटा डकवला आणि शून्याचं पिंप कोरं ठेवलं. आई खूश, मीही खूश. आहे की नाही तुझी नणंद हुशार?

त्या मिस्त्रीला म्हणावं, लोकांच्या बहिणींना खोटं पाडण्यापेक्षा स्वतःची ज्योत सांभाळ. आणि तू ओट्याच्या कडेला झोपू नकोस, मधे झोप, तुला लोळायची सवय आहे.

दादाला माझा राग सांग, तुला माया,
रुईशिया



ताओ मिस्त्रींचं गॅरेज
२६ जानेवारी

चि. रुईशिया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा कागद काल पोचला. म्हाताऱ्या तोंगनी तो गॅरेजच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचला. शिक्का चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाले, बाई शिक्का मारून सांगते आहे, मग यावर बोलायचं काय. नवा पंप ताओने स्वतःच्या पदरचा बसवायचा असं ठरलं. ताओने हातमोजे काढले, परत घातले आणि आत गेला.

म्हणजे आपण जिंकलो. तरी मला जिंकल्यासारखं वाटत नाही, हे तुलाच लिहिते, दुसऱ्या कुणाला लिहिणार?

तुझा भाऊ मात्र निकालासाठी थांबला नव्हता, आणि आता त्याला निकालही पुरत नाही. चार दिवसांपूर्वीच त्याने घंगाळांच्या खोक्याचं एक झाकण घेतलं आणि इथल्या लाकडाच्या वखारीतल्या हिशेबनिसाकडून त्यावर काजळीने लिहून घेतलं की इथे थांबू नका, मिस्त्री पंप फोडतो. फळी घेऊन दिवसभर रस्त्याच्या कडेला उभा असतो. या महिनाभरावर ताओचं वर्ष चालतं. एरवी एका दिवसात सात-आठ ट्रक थांबायचे म्हणे. गेल्या तीन दिवसांत एक थांबला, तोही फक्त गरम पाणी मागायला. बाकीचे फळी वाचतात, भोंगा वाजवतात आणि पुढे जातात.

परवा एक ट्रक असाच पुढे गेला. त्याचं इंजिन आधीच अडखळत होतं, मला इथून ऐकू येत होतं. बाओशाननेही ऐकलं असेल, पण त्याने फळी खाली केली नाही. सकाळी कुणीतरी निरोप आणला की तो वीस किलोमीटरवर बसलाय. ताओने मोटारसायकलच्या जोडगाडीत गोधड्या टाकल्या आणि गेला. दोघांना घेऊन आला. एकाची तीन बोटं पांढरी पडली होती. ताओच्या बायकोने ती बर्फाने न चोळता कोमट पाण्यात धरली, तासभर. बोटं वाचली. त्यातला मोठा माणूस बाओशानला म्हणाला की तुमची फळी वाचून आम्ही थांबलो नाही हो. आभार मानल्यासारखं म्हणाला. तुझा भाऊ त्या दिवशी जेवला नाही, पण दुसऱ्या दिवशी फळी घेऊन परत उभा राहिला.

आणि या घरात मी रोज जेवते. ताओची बायको माझ्या वाडग्यात आंबवलेला कोबी आणि मांस वाढते, तिच्या वाडग्यात नुसता कोबी असतो. मी वाडगी बदलायला गेले तर म्हणाली की भांडण पुरुषांचं आहे, पोटांचं नाही. मी काल तिला विचारलं की तुला काय वाटतं, खरं काय? ती म्हणाली, माझा नवरा तेवीस वर्षं नाकाने डिझेल ओळखतो, पण कागद तुमच्याकडे आहे.

मला तुझ्यावर शंका नाही. तरी वाटतं, मिस्त्रीच्या नाकाचीही एकदा चूक होत असेल, नाही का? पंप उद्या-परवा बसेल. नवीन वर्षाआधी घरी पोचू.

आईंना माझा नमस्कार. तुझं दोन ओळींचं उत्तर आलं तरी मला पुरेल,
सूमेई



लियांगशान
२७ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकटी असताना वाच. दादाला वाचून दाखवू नकोस. निदान आधी तू वाच.

काल सकाळी इथे थंडी चौदावर गेली. शेजारचे छीकाका ट्रॅक्टरसाठी दोन डबे शून्य नंबर मागायला आले. मी किटलीभर उकळतं पाणी घेऊन गेले, कारण एवढ्या थंडीत शून्य नंबर तुपासारखं बसतं, तोटी शेकल्याशिवाय यायचं नाही. तुमची टाकी ज्यातून भरली ते सोडून दुसऱ्या पिंपाची तोटी फिरवली आणि पाण्यासारखी धार आली. पातळ, स्वच्छ. काका म्हणाले, वा, आज मेहनत वाचली. मी हातातली किटली घेऊन तशीच उभी राहिले.

वहिनी, ते पस्तीस होतं. खोलीत राहिलं ते पस्तीस, आणि तुमच्या टाकीत गेलं ते शून्य.

मग मी पिंपं नीट पाहिली. दोघांवरही लाल कागद आहे. माझ्या कागदाच्या कडा मी कात्रीने कापल्या होत्या, दुसऱ्याच्या हाताने फाडलेल्या आहेत. आईला सहज विचारलं. ती म्हणाली, एकावर शुभ आणि एक बोडकं, बरं दिसत नव्हतं, तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मीच डकवला. कौतुकाने सांगत होती. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आईची चूक म्हणता येईल. पण पिंप उघडल्यावर बोट बुडवून बघायचं, वास घ्यायचा, हे दादाने मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्या दिवशी तुम्हाला निघायची घाई होती, तू पोळ्या बांधत होतीस, दादा ओरडत होता, आणि मी लाल कागद बघून नळी घातली. दोन्हींवर कागद आहे हे मला दिसलं नाही, कारण मी दुसऱ्याकडे पाहिलंच नाही. आणि मग शिक्का मारून लिहून दिलं. विचारलं गेलं तेव्हा खोलीत जाऊन एकदा बघायला हवं होतं. माझी खात्री होती. खात्री असली की माणूस उठून बघत नाही.

तू माझं पहिलं पत्र तिथे वाचून दाखवलं असशील. तो मिस्त्री खरं बोलत होता.

मला कशाची भीती वाटते तेही लिहिते. दादा रागावेल त्याची नाही, रागावणं त्याचं रोजचं आहे. तो किल्ली मागेल, आणि मी देईन, आणि मग मी या घरात पाहुणी होईन. चाळिशीतली, बिनकामाची पाहुणी. आई तिच्या परीने सांभाळेल, तूही. पण सांभाळलेलं असणं वेगळं. तुला नाही कळायचं असं म्हणणार होते, पण तुला कळतं.

तू ठरव. सांगितलंस तर माझं नाव सांग, आईचं सांगू नकोस. नाही सांगितलंस तर मी आयुष्यभर तुझी ऋणी राहीन आणि त्या मिस्त्रीचं नाव ऐकलं की खाली बघेन.

काय लिहून थांबावं कळत नाही,
तुझी रुईशिया



ताओ मिस्त्रींचं गॅरेज
२ फेब्रुवारी

चि. रुईशिया हिस,
खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा आलं, नेमकं चुलीच्या देवाला निरोप द्यायच्या दिवशी. ताओची बायको देवाच्या तोंडाला चिकट गूळ लावत होती, वर जाऊन घरातलं वाईट सांगू नये म्हणून. मी बाहेर ट्रकच्या केबिनमध्ये बसून पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग घडी घालून कोटाच्या आत ठेवलं आणि ठरवलं की सांगायचं नाही. मला तू जवळची, मिस्त्री परका. पंप बसला होता, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. हे मी तुझ्यासाठी केलं असं म्हणेन, पण थोडं माझ्यासाठीही होतं. एवढं सगळं या लोकांसमोर उलटं कोण बोलणार?

संध्याकाळी बाओशान म्हणाला, बहिणीचं पत्र आलंय ना, वाच की. मी वाचायला घेतलं. आईंचा गुडघा, छीकाका, थंडी असं आपल्या मनाने जुळवत वाचत गेले. तो विडी ओढत ऐकत होता. मग त्याने कागद हातात घेतला. आपल्याला वाटतं त्याला वाचता येत नाही. पण आकडे येतात. मैलाचे दगड, पावत्या, पंपावरचे नंबर, सगळं आयुष्य आकड्यांत गेलंय त्याचं. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं की या ओळीत पस्तीस आहे, त्याच ओळीत शून्यही आहे, तू वाचलंस त्यात तर एकही नव्हता.

मग मी सगळं वाचलं. आईंचा भागही. एकदा सुरू केल्यावर मला गाळता आलं नाही, माफ कर.

 मला वाटलं आता आरडाओरड होईल. तो विझलेली विडी तोंडात धरून बसून राहिला. मग ती काढून म्हणाला की त्या माणसाची बोटं गेली असती तर? तुझ्याबद्दल म्हणाला असं मला आधी वाटलं. पण तो फळीबद्दल म्हणत होता.

काल सकाळी त्याने म्हाताऱ्या तोंगना बोलावून आणलं, त्याच दारात उभा राहिला आणि म्हणाला की टाकीत शून्य नंबर होतं, मिस्त्री खरा, मी खोटा. दोन्ही हातांनी सिगारेट पुढे केली. ताओने घेतली नाही. पंपाचे पैसे आता आम्हीच द्यायचे, पण ताओने त्यांचा विषयही काढला नाही. एवढंच म्हणाला की गेल्या आठवड्यात इथून शंभरेक ट्रक गेले, ते परत जाताना त्यांना कोण सांगणार? बाओशान म्हणाला, मी सांगतो. तेव्हा ताओने सिगारेट घेतली, पण पेटवली नाही, कानावर ठेवली.

आता तुझा भाऊ त्याच जागी उभा असतो. फळी उलटी करून मागच्या बाजूने लिहून घेतलं आहे की मिस्त्री प्रामाणिक आहे, चूक माझी होती. ड्रायव्हर थांबतात, वाचतात आणि खो खो हसतात. एकाने विचारलं, किती पैसे दिले रे मिस्त्रीने? दुसरा म्हणाला, आधी शिव्या, मग ओव्या, बायकोने मारलं वाटतं. तो ऐकून घेतो. मी त्याला इतकं ऐकून घेताना कधी पाहिलं नाही. ओळखीचे नंबर पाहिले की धावत जातो आणि खिडकीशी उभा राहून सांगतो. काल चार ट्रक गॅरेजमध्ये वळले.

म्हणजे नवीन वर्षाला आम्ही येत नाही. तो म्हणतो, गेलेले सगळे परत जाईपर्यंत इथून हलायचं नाही. घंगाळं एका ओळखीच्या ट्रकवर पुढे पाठवली. नवीन वर्षाच्या सारण भरलेल्या करंज्या इथेच, ताओच्या घरी उकडू. मला वाईट वाटलं, पण मी वाद घातला नाही.

तुझ्यासाठी दोन गोष्टी सांगितल्या आहेत त्याने, जशाच्या तशा लिहिते. एक, तू दुसरा कागद लिहायचास, तोच शिक्का मारून. माझ्या तोंडचं इथे निम्मे लोक मानत नाहीत, म्हणतो, मिस्त्रीने दमात घेतलंय असं म्हणतात. पहिला कागद तिचा होता, दुसराही तिचाच हवा. दुसरी गोष्ट त्याने आज सकाळी मोजे घालता घालता सांगितली, माझ्याकडे न बघता. पिंपांच्या खोलीची किल्ली तुझ्याकडेच ठेवायची. आईच्या हाताला लागू द्यायची नाही.

आता रडू नकोस. कागद लवकर पाठव. माझ्या ओंजळीत तुझा हात आहे असं समज,
तुझी वहिनी,
सूमेई



लियांगशान
६ फेब्रुवारी, वर्षाचा शेवटचा दिवस

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कागद सोबत आहे. पोस्ट दुपारी बंद होईल, म्हणून थोडक्यात लिहिते.

शिक्का काढला तसं आईने विचारलं, पुन्हा कशाला? सांगावं लागलं. ती गुडघा चोळत बसली. मग म्हणाली की एकावरच कागद असला तर दुसऱ्याला वाईट वाटेल, असं वाटलं गं मला. मी म्हटलं, माहीत आहे. तिला वाटलं मी तिला माफ केलं. मी तर स्वतःशीच बोलत होते.

दादा नाही, तू नाही, आज जेवायला आम्ही दोघीच. तरी मी चार वाडगी मांडणार आहे. तिकडच्या बाईंना सांग, त्यांच्या वाडग्यात मांस वाढण्याची जबाबदारी आता तुझी.

उत्तर सावकाश लिही, पण लिही,
रुईशिया

(सोबतचा कागद)

ताओ मिस्त्री, तोंगआजोबा आणि याकशीच्या रस्त्याने जाणारे सर्व ड्रायव्हर यांना नमस्कार.

मी फान रुईशिया. २१ जानेवारीला मी लिहून दिलं होतं की फान बाओशान यांच्या ट्रकची धाकटी टाकी मी पस्तीस नंबर डिझेलने भरली. ते खरं नव्हतं. टाकीत शून्य नंबर मी भरलं. दोन पिंपांत माझा घोटाळा झाला, आणि लिहून देण्याआधी मी तपासून पाहिलं नाही. मिस्त्रींनी वासावरून ओळखलं ते बरोबर होतं. त्यांच्या हाताने काहीही बिघडलं नाही. हा कागद गॅरेजच्या दारावर लावावा आणि वाऱ्याने फाटेपर्यंत राहू द्यावा.

माझ्या भावाबद्दल एक सांगायचं आहे. तो तुमच्यासमोर जे बोलला, ते चूक होतं. पण तो खोटं बोलत नव्हता. तो माझ्या भरवशावर बोलत होता.

फान रुईशिया
(शिक्का)

खाली अंगठा आईचा आहे. मी नको म्हटलं होतं.